ताळा

(नागपूर येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचं लिखित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांच्या वर्गात मी दोन वर्षं होतो. गणिताच्या वहीत सरांचा एक दंडक होता. उत्तराखाली रेघ मारायची आणि रेघेखाली ताळा लिहायचा. उत्तर बरोबर, ताळा नाही, तर अर्धे गुण. आम्ही कुरकुरायचो. एकदा कुणीतरी धीर करून म्हणालं, "पण सर, उत्तर तर बरोबर आहे ना!" सर म्हणाले, "ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे का?"

आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितलं आहे, तो विषय या दोन वाक्यांत संपतो. पण तुम्ही उन्हातान्हाचे आला आहात, तेव्हा थोडं सविस्तर बोलतो.

नवांचा ताळा इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. 347 गुणिले 26, उत्तर 9022. 347 चे अंक मिळवले की 14, त्याचे 5. 26 चे 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. आता 9022 चे अंक मिळवा, 13, म्हणजे 4. ताळा जुळला. दहाव्या शतकाच्या सुमाराला दुसऱ्या आर्यभटानं 'महासिद्धान्त' या ग्रंथात ही युक्ती दिली आहे. गुणाकार करायला चार ओळी लागल्या, ताळ्याला एक लागली. तपासणी ही मूळ कामापेक्षा स्वस्त पडली पाहिजे, नाहीतर ती कुणी करणार नाही. आणि एक खोडही लक्षात ठेवा. 9022 च्या जागी कुणी 9202 लिहिलं, तरी नवांचा ताळा जुळतोच. अंक उलटसुलट झाले तर त्याला पत्ता लागत नाही. म्हणजे ताळा कोणता लावला आहे आणि तो काय पकडत नाही, हेही ठाऊक हवं.

आता आजच्या गणिताकडे येतो. ऑप्टिमायझेशनचं सॉफ्टवेअर, ज्याला आम्ही सॉल्व्हर म्हणतो, ते आता तुमच्या-आमच्या रोजच्या व्यवहारात आहे. विमान कंपनीचा कर्मचारी कोणत्या फेरीला जाणार, कोळशाची कोणती रेक कोणत्या वीज केंद्राला लागणार, हे त्याच्या आकड्यांवर ठरतं. हजारो अटी, लाखो अज्ञात संख्या. पडद्यावर शेवटी एक शब्द येतो, 'ऑप्टिमल'. म्हणजे याहून चांगलं उत्तर नाही. हा दावा फार मोठा आहे. उत्तर अटींमध्ये बसतं की नाही हे कुणीही तपासेल, आकडे घालून बघायचं. पण याहून चांगलं उत्तर जगात नाही, हे कसं तपासायचं? सगळी उत्तरं तर कुणी पाहिलेली नाहीत.

एक हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, शेतकरी बांधवांनी भावाबद्दल माझ्याशी भांडू नये. काटोलकडच्या एका माणसाकडे 10 एकर जमीन आहे आणि हंगामात त्याला मजुरांचे 140 दिवस मिळू शकतात. कपाशीला एकरी 20 दिवस लागतात, कारण वेचणी, आणि मजुरी सोडून बाकीचा खर्च जाऊन एकरी 30 हजार सुटतात. सोयाबीनला एकरी 8 दिवस, सुटतात 18 हजार. सगळी कपाशी लावावी तर 200 दिवस लागतील, तेवढे मजूर नाहीत. सात एकरच होईल, 2 लाख 10 हजार मिळतील, तीन एकर पडीक. सगळं सोयाबीन लावलं तर 1 लाख 80 हजार. सॉल्व्हर सांगतो, पाच एकर कपाशी आणि पाच एकर सोयाबीन लावा, 2 लाख 40 हजार.

अटी तपासा. पाच आणि पाच दहा एकर झाले. शंभर आणि चाळीस, 140 दिवस. दोन्ही बरोबर. पण कुणी चतुर माणूस यापेक्षा जास्त काढणारच नाही कशावरून?

यासाठी सॉल्व्हर आणखी दोन आकडे देतो, ते बहुतेक लोक उघडूनही बघत नाहीत. एकराची किंमत 10 हजार आणि मजुराच्या दिवसाची किंमत 1 हजार. समजा हा दर लावून तुमची सगळी साधनं कुणी विकत मागतो आहे. कपाशीचा एक एकर पिकवायला जी साधनं लागतात त्यांची किंमत काय? 10 हजार जमिनीचे, 20 हजार मजुरीचे, एकूण 30 हजार. तेवढेच कपाशीतून सुटतात. सोयाबीनला 10 आणि 8, अठरा हजार. तेही तेवढेच. म्हणजे तुम्ही काहीही पेरा, कसंही पेरा, सुटणारा पैसा वापरलेल्या साधनांच्या या किमतीच्या वर जाऊच शकत नाही. आणि सगळ्या साधनांची मिळून किंमत किती? 10 एकरांचे 1 लाख, 140 दिवसांचे 1 लाख 40 हजार. बेरीज 2 लाख 40 हजार. छत तिथंच आहे आणि तुमचं डोकं छताला लागलेलं आहे. संपलं.

या दोन आकड्यांना गणितात ड्युअल म्हणतात. सॉल्व्हरनं ते कसे शोधले, आत काय उद्योग केला, तो कुणी लिहिला, त्यात चुका आहेत का, यातलं काहीही तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. चार गुणाकार आणि तीन बेरजा केल्या की झालं. आणि हा ताळा नवांच्या ताळ्यासारखा अर्धवट नाही. जुळला, तर उत्तर खरंच सर्वोत्तम असतं.

शिवाय ते आकडे बोलतात. त्या शेतकऱ्याला उद्या कुणी म्हणालं, आणखी एक मजूर देतो, 800 रुपये रोज, तर घ्यावा. 1200 मागितले तर नमस्कार करावा.

ही गोष्ट नागपूरकरांच्या अगदी जवळची आहे, फक्त आपण तिला त्या नावानं ओळखत नाही. राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे आणि त्याची आपल्याकडची शाखा अंबाझरीला. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांनी किती वीज करायची हे ज्या क्रमानं ठरतं त्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. ज्याचा युनिटमागे बदलता खर्च कमी, तो आधी. मौद्याचं एनटीपीसीचं केंद्र 2,320 मेगावॅटचं. त्याच्यासारख्या आंतरराज्य औष्णिक केंद्रांसाठी एप्रिल 2019 पासून देशपातळीवर असंच गणित प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला कोणत्या केंद्राचं काम थोडं कमी करून कोणाचं वाढवलं तर देशाचा एकूण इंधनखर्च घटेल, हे सॉल्व्हर सांगतो.

त्याचा ताळा असा घ्यायचा. समजा या पंधरा मिनिटांत शेवटच्या लागलेल्या केंद्राचा दर साडेतीन रुपये आहे. हा झाला तुमचा ड्युअल. आता तक्ता घेऊन बसा आणि दोन प्रकारचे संशयित शोधा. पहिला, ज्याचा दर 3 रुपये 10 पैसे आहे तरी जो पूर्ण ताकदीनं चालत नाही. त्याला विचारा, बाबा रे, का? उत्तर असायला हवं. कोळसा कमी आहे, किंवा संच बंद पडला आहे, किंवा वाहिनीत जागा नाही, किंवा भार इतक्या झपाट्यानं वाढवता येत नाही. दुसरा संशयित, ज्याचा दर 4 रुपये 20 पैसे आहे तरी जो चालू आहे. त्याचंही कारण असेल. अशा केंद्रांना क्षमतेच्या 55 टक्क्यांखाली उतरवायचं नाही असा नियम आला, आणि पूर्ण विझवून पुन्हा पेटवणं महागात पडतं. प्रत्येक संशयिताला अशी एक तरी अट साक्षीदार म्हणून मिळाली तर ठीक. एखाद्याला मिळाली नाही, तर उत्तर चुकलं आहे किंवा आत घातलेली माहिती चुकली आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा माहितीच.

अनुभवाचं निघालंच आहे तर माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कोळशाच्या वाहतुकीचं एक गणित मांडलं होतं. रेल्वेच्या कोणत्या सायडिंगवरून महिन्याला किती कोळसा भरायचा, आणि कोणती सायडिंग चालू ठेवायची, कोणती बंद. चालू म्हणजे 1, बंद म्हणजे 0. बंद सायडिंगवरून कोळसा निघू नये म्हणून आम्ही एक ठरलेली युक्ती वापरतो. निघणारा कोळसा त्या 0-1 च्या आकड्याला एका भल्यामोठ्या संख्येनं गुणून येईल त्यापेक्षा जास्त नको. मी आळसानं ती मोठी संख्या 10 लाख टन घेतली. उत्तर आलं, 'ऑप्टिमल'. मी छापून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका जुन्या कारकुनाचा फोन. "साहेब, ही सायडिंग तर तुम्ही बंद दाखवली आहे जी. मग हे 4 टन कोण भरून राहिलं?"

मी म्हणालो, छपाईची चूक असेल. नव्हती. संगणकाला दशांश अपूर्णांक पूर्ण अचूक ठेवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक सॉल्व्हर थोडी सूट ठेवतो. 0.000004 म्हणजे शून्यच की, असं तो मानतो. त्यानं ती सायडिंग 0.000004 इतकी उघडी ठेवली होती. त्याला 10 लाखांनी गुणा. चार टन. दार बंद आहे असं सांगितलं होतं, पण मी इतकी मोठी चौकट केली होती की फटीतून एक लहान ट्रकभर माल जात होता. त्यातही मजा अशी की सायडिंग चालू ठेवण्याचा ठोक खर्च मात्र जवळपास शून्य लागला होता. म्हणजे उत्तर नुसतं 4 टनांनी चुकलेलं नव्हतं, ते फुकट्याचं उत्तर होतं. ती मोठी संख्या सायडिंगच्या खऱ्या क्षमतेएवढी केली, 0-1 चे आकडे पक्के करून गणित पुन्हा सोडवलं, तेव्हा योजनाच बदलली. त्या कारकुनानं सगळा तक्ता वाचला होता. माझ्याकडून फक्त खालची बेरीज वाचली गेली होती.

अशा गोष्टी फक्त माझ्यासारख्या आळशांच्या बाबतीत घडतात असं नाही. 2004 मध्ये न्यूमायर आणि श्चेर्बिना यांनी एक छोटं उदाहरण छापलं. सगळे सहगुणक लहान आणि पूर्णांक, दिसायला अगदी निरुपद्रवी. त्या काळच्या अनेक नामवंत सॉल्व्हरना त्याचं उत्तर बरोबर देता आलं नाही. त्याच सुमारास बर्लिनच्या थॉर्स्टन कॉख यांनी नेटलिब नावाच्या प्रसिद्ध संग्रहातली गणितं दशांश न वापरता, शुद्ध अपूर्णांकांनी सोडवून त्यांची नेमकी उत्तरं छापली. हा संग्रह 1985 पासून सगळं जग सॉल्व्हरची परीक्षा घ्यायला वापरत होतं. परीक्षेचा पेपर जवळपास दोन दशकं वाटला जात होता, आणि उत्तरपत्रिकेतले शेवटचे अंक नक्की कोणते याबद्दल तोवर शंका होती!

नेटलिब जिथं जमवला गेला त्या बेल लॅब्जचं नाव निघालं की मराठी माणसाला नरेंद्र करमरकर आठवणारच. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला मुलगा, मुंबईच्या आयआयटीतून 1978 साली पदवी, पुढे अमेरिका. 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी लिनियर प्रोग्रामिंगची, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या हिशेबासारखी गणितं सोडवण्याची, नवी पद्धत दिली. अटींत बसणाऱ्या सगळ्या उत्तरांचा मिळून एक पैलूदार हिरा आहे असं समजा. 1947 पासून चालत आलेली डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत त्या हिऱ्याच्या कडाकडांनी, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर चालत जाते. करमरकरांची पद्धत हिऱ्याच्या पोटातून वाट काढते. न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी पहिल्या पानावर घेतली. आपल्याकडे अभिमानानं छात्या फुगल्या, त्यात गैर काही नाही. पण त्या गोष्टीचा जो भाग आपण सांगत नाही, तो आजच्या विषयाचा आहे. ही पद्धत सिम्प्लेक्सच्या कितीतरी पट वेगवान असल्याचे दावे झाले, आणि कंपनीनं प्रत्यक्ष प्रोग्रॅमचे तपशील गुलदस्त्यात ठेवले. पेटंट घेतलं. इतर शास्त्रज्ञ चिडले, कारण त्यांना ते पुन्हा करून बघता येईना. सिद्धांत छापलेला होता, त्यावर कुणाचं बोट नव्हतं. वेगाच्या आकड्याला मात्र ताळा नव्हता. पुढच्या दोन वर्षांत इतरांनी आपापले प्रोग्रॅम लिहिले, जुन्या एका पद्धतीशी तिचं नातं दाखवलं, सगळ्यांसमोर असलेल्या गणितांवर शर्यती लावल्या, आणि त्यानंतरच हा मार्ग पक्का झाला. आज प्रत्येक मोठ्या सॉल्व्हरमध्ये पोटातून जाणारी पद्धत असते. करमरकरांचं श्रेय त्यानं कमी झालं नाही. उलट ते लोकांच्या हातांनी तपासलं गेलं, हे बरंच झालं.

आता नागपुरात आहोत तर संत्र्याशिवाय भाषण पुरं कसं होईल? सीताबर्डीवर गाडीवाला संत्री कशी रचतो ते पाहा. खालचा थर, मग त्याच्या खळग्यांत वरचा थर, वर निमुळता ढीग. 1611 साली केप्लरनं म्हटलं की एकसारखे गोळे यापेक्षा दाट रचताच येत नाहीत. जागेच्या साधारण 74 टक्के भाग गोळ्यांनी भरतो, बाकी हवा. गाडीवाल्याला हे ठाऊकच होतं. सिद्ध करायला मात्र 1998 उजाडलं. थॉमस हेल्स यांनी सिद्धता दिली, आणि ती सुमारे अडीचशे पानं आणि तीन गिगाबाइट संगणकी मजकुराची होती. आत काय होतं? रचनेच्या हजारो शक्यता, आणि त्यांतली एकेक शक्यता नाकारण्यासाठी लिनियर प्रोग्रामिंगची गणितं. म्हणजे संत्र्याच्या ढिगाचं सत्य सॉल्व्हरच्या शब्दावर अवलंबून होतं.

बारा परीक्षक बसले. काही वर्षं डोकेफोड करून त्यांनी कळवलं की आमची 99 टक्के खात्री आहे, पण संगणकाचं सगळं काम तपासणं आमच्या आवाक्याबाहेर आहे. लेख छापला गेला. दुसरा कुणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. हेल्स उरलेल्या एका टक्क्याच्या मागे लागले. 'फ्लायस्पेक' नावाचा प्रकल्प काढला. त्यात सिद्धतेची प्रत्येक पायरी अशा तर्कयंत्राकडून तपासून घ्यायची होती ज्याचा गाभा काही थोड्या ओळींचा आहे. लिनियर प्रोग्रामिंगच्या गणितांचं काय केलं? सॉल्व्हरचा शब्द प्रमाण धरलाच नाही. त्याच्याकडून फक्त ते ड्युअलचे आकडे घेतले, आपल्या शेतकऱ्याच्या 10 हजार आणि 1 हजारासारखे. दशांशाची शेपटी कापून त्यांचे अचूक अपूर्णांक केले, आणि मग साधे गुणाकार, साध्या बेरजा. शेपटी कापल्यानं थोडं नुकसान झालं तरी चालतं, कारण छत थोडं वर सरकलं तरी ते छतच राहतं. सॉल्व्हर खोटं बोलला असता तर बेरीज जुळली नसती, एवढंच. 10 ऑगस्ट 2014 रोजी काम पुरं झाल्याचं जाहीर झालं. सोळा वर्षं लागली. सर असते तर त्यांनी हेल्सना पूर्ण गुण दिले असते.

अर्थात सगळीकडे इतका सुटसुटीत ताळा मिळत नाही. 0-1 ची गणितं आली की एकच छत पुरत नाही, शक्यतांचं झाड होतं आणि त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला वेगळा ताळा लावावा लागतो. तरीही तपासणी स्वस्तच पडते. सगळी ठिकाणं कमीत कमी अंतरात फिरून परत यायचं, या फिरत्या विक्रेत्याच्या कोड्याचं 85,900 ठिकाणांचं एक प्रचंड उदाहरण बिल कुक आणि मंडळींनी सोडवलं, त्याला संगणकांचं शंभराहून जास्त वर्षांचं काम लागलं होतं. 2009 साली त्यांनी छापलेली तपासणी काही आठवड्यांच्या संगणक-वेळेत आटोपली.

एक गोष्ट मात्र कोणताही ताळा पकडत नाही. ती म्हणजे प्रश्नच चुकीचा विचारला असेल तर. यावर सिम्प्लेक्सचे जनक जॉर्ज डँट्झिग यांनी स्वतःची कहाणी लिहून ठेवली आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलं. हे म्हणाले, पत्नीला सांगून ठेवू, संगणक जो आहार देईल तोच मी घेईन. अटी सगळ्या पोषणाच्या, आणि हेतू असा की पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटावं, म्हणजे पाणी वगळून अन्नाचं वजन जास्तीत जास्त. संगणकानं पहिल्याच दिवशी सुचवलं, 500 गॅलन व्हिनेगर. तक्त्यात व्हिनेगरपुढे पाण्याचं प्रमाण शून्य लिहिलेलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी, रोज 200 सूपच्या वड्या. यांनी सकाळी चार वड्या गरम पाण्यात विरघळवून तोंडाला लावल्या आणि थुंकल्या. निव्वळ मीठ. पोषणाच्या तक्त्यात मीठ जास्तीत जास्त किती याची मर्यादाच नव्हती, कारण एवढं मीठ कुणी खाईल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मग वड्यांवर दिवसाला तीन अशी वरची मर्यादा घातली. लिनियर प्रोग्रामिंगमध्ये अज्ञात संख्येवर वरची मर्यादा पहिल्यांदा अशी आली, असं डँट्झिगच सांगतात. तिसऱ्या दिवशी, दोन पौंड कोंडा.

सगळी उत्तरं 'ऑप्टिमल' होती. प्रत्येकाचा ताळा जुळत होता.

शेवटी पत्नी अ‍ॅन म्हणाल्या, तुमच्या यंत्राच्या याद्या मी बघते आहे, त्यात काही काही गोष्टी चांगल्या आहेत, पण आता आहार मी ठरवणार. त्यांनी ठरवला. डँट्झिग यांचं वजन 22 पौंडांनी उतरलं.